लोरेटा मॅडमचं पालथं भांडं

ही गोष्ट मला कुणी सांगितलेली नाही. माझ्या कानांनी जे ऐकलं, तेच लिहितेय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

मार्च २००९. अबू धाबी, खलिफा सिटी. गुरुवारची भर दुपार.

हो, दुपारच. बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं.

मी मैमुनाबी, कोकणातल्या म्हसळ्याची. लोरेटा मॅडमच्या व्हिलात स्वयंपाक करायची आणि त्यांची लहानगी नायोमी सांभाळायची. माझं शेंडेफळ झारा गावी नणंदेकडे होतं.

मॅडम अमेरिकेतल्या काळ्या लोकांपैकी. शाळेत शिकवायच्या. मंदीत साहेबांची नोकरी गेली, ते काम शोधायला कतारला गेले. व्हिला कंपनीचा, तोही सोडायचा होता. शाळा मॅडमना एक खोली देणार होती, पण तिथे मूल चालणार नव्हतं.

म्हणून शुक्रवारी नायोमीला एका ओळखीच्या बाईबरोबर अमेरिकेला, मावशीकडे पाठवायचं ठरलं.

"थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे, मैमुना," मॅडम सारखं म्हणायच्या.

मीही झाराला तसंच सांगून आले होते.

त्या घरात दाराजवळ एक तीन पायांचं लोखंडी भांडं असायचं. कायम पालथं. आजीकडून आलंय, एवढंच मॅडम म्हणाल्या होत्या.

त्या दिवशी शेजारच्या व्हिलात कामाला असलेली छाया भिंतीवरून डोकावली.

"काय गं, तुझी मॅडम दारात भांडं पालथं घालते ते पाहुण्यांना हाकलायला का?"

"गप गं. तुझी शेठाणी तर पाहुण्याला पाणीसुद्धा विचारत नाही."

छाया हसली. मग एकदम गंभीर झाली. "पोर उद्या प्रवासाला निघालीय आणि दारात पालथं भांडं? बरं नाही, बाई."

ते माझ्या मनाला लागलं.

मी भांडं उचललं. लिंबू-मिठाने घासलं. बिस्मिल्ला म्हणून पोरीसाठी त्यात खीर चढवली.

आणि एसीची घरघर थांबली...

वीज गेली नव्हती. दिवा चालू होता.

रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज गेला. खिरीत डाव फिरत होता, त्याचाही आवाज येईना.

मग भांड्यातून आवाज आला...

बाईचा. तोंडावर पदर धरून बोलावं तसा, दबलेला. इंग्रजी होतं, पण मॅडमच्या इंग्रजीसारखं नव्हतं. मला एकच शब्द कळत होता.

"सायलस... सायलस..."

"नायोमी!" मी हाक मारली.

मी तिच्या खोलीत धावले.

खेळणी होती. तिच्या चपला होत्या. ती नव्हती.

पुढचं दार उघडं होतं. नायोमी उन्हात अनवाणी फाटकाकडे चालली होती. एक हात वर केलेला. बोटं मिटलेली... मोठ्या माणसाचा हात धरून मूल चालतं, तशी.

शेजारी कुणीच नव्हतं.

"नायोमी, कम हिअर!"

तिने वळूनही पाहिलं नाही. "शी सेज वी हॅव टू रन."

मी धावले, तिला उचललं. तिचा तो हात पलीकडून ओढला गेला. एकदाच. जोरात.

पोरीला काखेत घेऊन आत पळाले. उकळती खीर सिंकमध्ये ओतली आणि भांडं दाराशी पालथं घातलं.

एसी सुरू झाला.

मॅडम आल्या तेव्हा मी घडलेलं सांगितलं, ऐकलेलं ते नाव तेवढं सांगायचं राहिलं. त्या रागावल्या नाहीत.

"माझ्या पणजीच्या आजीचं आहे ते," त्या म्हणाल्या. "ती गुलाम होती. एकत्र बसून दुवा मागितली तरी चाबूक पडायचा. मग ही माणसं दाराशी भांडं पालथं घालायची. आवाज भांड्यात जातो, मालकापर्यंत पोचत नाही, असं मानायची."

"ती कुणाला तरी हाक मारत होती, मॅडम. तिला मूल होतं?"

"एक मुलगा होता. ती शेतात असताना मालकाने त्याला विकला. ती परत आली तर अंथरूण रिकामं. पुढे आयुष्यभर तिने त्याचं नाव काढलं नाही. आमच्यात कुणालाच ते ठाऊक नाही."

"सायलस," मी म्हणाले.

मॅडम होत्या तिथेच जमिनीवर बसल्या. नायोमीला मांडीत घेतलं ते सोडेचनात.

शुक्रवारचं विमान नायोमीशिवाय गेलं. मॅडमनी नोकरी सोडली. महिना संपायच्या आत दोघी मिळून अमेरिकेला निघाल्या. भांडंही बरोबर नेलं.

निघताना त्यांनी विचारलं, "मैमुना, आत फक्त तिचाच आवाज होता?"

"हो, मॅडम."

ते खरं नव्हतं.

खीर ओतली तेव्हा तळातून दुसरी बाई बोलली होती. आमच्या बोलीत.

रोज दुपारची नमाज झाली की मी दाराजवळ त्या पालथ्या भांड्याशेजारी बसायचे. घरात ऐकू जाऊ नये म्हणून दबल्या आवाजात झारासाठी दुवा मागायचे, तिचं नाव घेऊन रडायचे.

तो आवाज माझा होता.

पुढे कित्येक वर्षांनी मी गावी परतले. झारा केवढी मोठी झालेली. आता तिलाही मुलं आहेत. पण अजूनही एखाद्या दुपारी ती हातातलं काम टाकून माझ्या खोलीत येते.

"अम्मी, हाक मारलीस?"

मी मारलेली नसते.

"हो, बस जराशी," मी म्हणते.

तिने ती हाक कुठून ऐकली, ते मी विचारत नाही.