पडद्यामागचा श्वास

मुलांनो, डोळे मिटा. एक श्वास घ्या. सोडा.

आता कल्पना करा, पुढचा येतच नाहीये...

ही गोष्ट खरी आहे. रात्रीची नाही, भर सकाळची, साडेदहाची. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका लहानशा दवाखान्यात, गेल्या श्रावणात घडलेली.

नऊ वर्षांची सौंदर्या बाकावर बसली होती. तिच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, काखेतली गाठ काढायची होती. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घर. वडील औषधं आणायला खाली गेले होते.

"सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"न्हाय की," अव्वा म्हणाली.

सौंदर्यानं मान खाली घातली. लिंगपूजा झाल्यावर अव्वा नैवेद्याचं पेलाभर दूध प्यायली होती. तिनं पाहिलं होतं.

"कुणाला बोलू नगंस," अव्वा तेव्हा म्हणाली होती. "परसाद म्हंजे काय खाणं हाय व्हय?"

अव्वाला आत नेलं. दार लागलं.

बाकाशेजारी हिरवा पडदा होता. त्याच्या मागून आवाज आला...

कुणीतरी श्वास घेत होतं.

ओला, घरघरणारा श्वास. पेल्याच्या तळाचं दूध नळीनं ओढावं तसा.

मग तो थांबला.

सौंदर्या मोजू लागली. पाच... दहा... वीस...

श्वास आलाच नाही.

आलं ते एका बाईचं कुजबुजणं.

"माझ्या पोरीनं बी सांगितलं न्हाय..."

सौंदर्यानं दोन्ही हातांनी दार बडवलं. "थांबा! अव्वानं दूध पिलंय!"

दार उघडलं. मॅडमच्या हातात भुलीच्या पांढऱ्या औषधाची सिरिंज होती. दुधासारखंच पांढरं. सलाईनच्या नळीत सोडायचंच राहिलं होतं.

त्यांनी ती खाली ठेवली.

"अहो, भूल चढल्यावर ते दूध उलटून श्वासनळीत गेलं असतं तर? खोटं का बोललात?"

"खोटं कुठं, मॅडम? परसाद हुता त्यो."

ऑपरेशन दुपारवर गेलं. नीट पार पडलं.

सौंदर्यानं आवाजाचं सांगितलं, तेव्हा वर आलेल्या वडिलांनी पडदा सरकवून पाहिला. मागे नुसती भिंत. खाट मावेल एवढीही जागा नाही.

"उंदीर असंल," ते म्हणाले.

दवाखान्यातल्या सिस्टर पुढे आल्या. त्यांनी पडदा पुन्हा नीट ओढून घेतला.

संध्याकाळी निघताना सौंदर्यानं अव्वाचा हात सोडला. ती मागे वळली. पडद्याला तोंड लावून हळूच म्हणाली, "मी सांगितलं, मावशी."

आणि तिथंच उभी राहिली. स्वतःचा श्वास रोखून, पडद्यामागचा यायची वाट बघत... मोजत.