शेपटाच्या पुढची मुलगी

रविवारी सकाळी एक मुलगी पाव आणि अंडी घेऊन घरी निघाली होती, आणि तिच्या मागे एक मुलगा लागला होता.

ती झपाझप चालली, की तोही झपाझप. ती थबकली, की तोही थबकायचा. औषधाच्या दुकानाच्या काचेत तिने चोरून पाहिलं... उंच, पाठीवर भलीमोठी सॅक, अंगात भडक नारिंगी जाकीट. पाठलाग करणाऱ्या माणसाने निदान डोळ्यांत न भरणारा रंग घालावा, ही अपेक्षा काही अवास्तव नव्हती. पळावं, तर हातात अंडी. ओरडावं, तर अख्ख्या रस्त्यात एक कुत्रं, तेही झोपलेलं. शेवटी स्वतःच्या इमारतीच्या फाटकाशी ती गर्रकन वळली.

"तुम्ही माझा पाठलाग करताय?"

"हो," तो म्हणाला.

या उत्तरावर पुढे काय बोलायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"म्हणजे... का?"

"माझं कामच आहे ते. मी शेपूट आहे." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "इथे थांबायचंय का आपल्याला? बाकीचे कुठायत?"

"कोण बाकीचे? इथे मी राहते!"

त्याने फाटकाकडे पाहिलं. मग अंड्यांकडे. त्याचा चेहरा एकेक मजला खाली उतरत गेला.

"तुम्ही... ग्रुपमधल्या नाही आहात?"

प्रकरण असं होतं. शहरात डोंगर चढणाऱ्या लोकांचा एक ग्रुप होता. दर रविवारी ते शहराबाहेरच्या टेकडीवर जात, अधूनमधून लांबच्या डोंगरांवर. सगळ्यांच्या मागे एक अनुभवी माणूस चाले, त्याला म्हणत शेपूट. शेपटाने कुणाच्याही पुढे जायचं नाही आणि कुणालाही मागे सोडायचं नाही. बेकरीच्या कोपऱ्यावर हा बुटातला खडा काढायला वाकला, तेवढ्यात ग्रुप डावीकडे वळला आणि बेकरीतून ही बाहेर पडली. मान वर केली, तर समोर एक पाठ. शेपटाला पाठ दिसली की पुरे, ते चालू लागतं.

"म्हणजे तुमचा ग्रुप आत्ता बिनशेपटाचा फिरतोय?"

"हो," तो खोल आवाजात म्हणाला. आणि मग जाता जाता, "पण तुम्ही चालता छान. मला वाटलं, नवीन मेंबर चांगली मिळाली."

या वाक्याने घात केला. शाळेत धावण्याच्या शर्यतीत बाईंनी तिला 'तू कडेला उभी राहून टाळ्या वाजव' असं सांगितलं होतं. पायांची तारीफ ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. अंडी फ्रीजमध्ये ठेवायच्या ऐवजी तिने कपाटात ठेवली, आणि पुढच्या रविवारी ती पहाटे उठून बूट शोधू लागली.

"तू? चालायला?" थोरल्या बहिणीने पांघरुणातून डोकं काढलं. "दुसऱ्या मजल्यावर यायला तू लिफ्टची वाट बघत उभी राहतेस."

"तब्येतीसाठी जातेय, ताई."

"कुणाच्या?"

ती बूट हातात घेऊनच निघाली.

ग्रुपची म्होरकी एक दंतवैद्य बाई होती. सगळे तिला डॉक्टर म्हणत आणि तिच्यासमोर तोंड उघडायला घाबरत. तिचा एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. पायवाट अरुंद, म्हणून एकामागे एक चालायचं. शेजारी शेजारी चालून गप्पा मारणाऱ्यांना ती ज्या नजरेने बघे, त्या नजरेने ती कीड लागलेल्या दाढेलाही बघत नसेल.

नवीन मुलगी पहिल्याच चढाला सगळ्यांच्या मागे पडली. म्हणजे शेवटून दुसरी. तिच्या मागे फक्त नारिंगी जाकीट.

"दमलात?" मागून आवाज आला.

"छे. दृश्य बघतेय."

"समोर भिंत आहे."

"छान आहे भिंत."

"हो ना," आवाज म्हणाला. "मीसुद्धा दर रविवारी बघतो. अजून मन भरलं नाही."

ती हसली. ते त्याला दिसलं नाही, कारण तो मागे होता. तो हसला की नाही, ते तिला कळलं नाही, कारण ती पुढे होती. आणि इथूनच सगळ्या घोळाला सुरुवात झाली.

रविवारामागून रविवार गेले. एकेरी वाटेवर माणूस पुढच्याच्या पाठीशी बोलतो, आणि पाठीशी बोलताना लाज वाटत नाही. तिने त्याला सांगितलं, की ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते आणि दिवसभर 'हे स्पष्ट दिसतंय, की हे?' एवढंच विचारते. घरी ताईने 'भात वाढू की पोळी?' विचारलं, तरी तिच्या तोंडून 'पुन्हा दाखव' निघतं. त्याने सांगितलं, की तो लिफ्ट दुरुस्त करतो.

"लोक आत अडकतात ना, तेव्हा निम्मं काम बोलण्याचंच असतं," तो म्हणाला. "दाराच्या फटीतून बोलत राहायचं. कशाबद्दलही. आवाज थांबला की माणूस घाबरतो."

"मग सगळ्यांशी असंच गोड बोलता?"

"बोलावंच लागतं."

चार पावलांवर तिला ठेच लागली. तिने दोष दगडाला दिला.

पहिली बाहेरगावची ट्रिप निघाली, तेव्हा भुरभुर पाऊस होता आणि वाट साबणासारखी झाली होती. एका उंच पायरीवर ती अडली. तो बाजूच्या खडकावरून वर चढला, वाकला आणि त्याने हात पुढे केला. तिने धरला. ती वर आली, पायरी संपली, चढ संपला... आणि हात तसाच राहिला. थंड, ओला, थोडा खरखरीत हात. मग दोघांनाही एकदम आठवलं, की आपल्याला स्वतःचे हात आहेत.

रात्री मुक्कामाच्या खोलीत ती छताकडे बघत पडली होती. हे प्रेमच, दुसरं काय असणार!

सकाळी उतरताना त्याच पायरीवर गुडघेकाका अडले.

गुडघेकाका हे ग्रुपमधले सगळ्यांत वयस्कर. नव्या माणसाला ते स्वतःची नाही, गुडघ्यांची ओळख करून देत. "हा उजवा. आणि हा डावा. डावा जरा रागीट आहे." तर काका अडले, त्याने हात पुढे केला, काकांनी धरला, आणि पायरी संपल्यावरही हात तसाच राहिला. उलट, तिच्यापेक्षा जास्त वेळ. वर तो काकांना म्हणाला, "सावकाश. मी आहे ना मागे."

हेच वाक्य तो काल तिलाही म्हणाला होता. याच आवाजात. अगदी 'मागे' या शब्दावर असाच किंचित थांबून.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा मत्सर करण्याची वेळ आपल्यावर येईल, असं तिला वाटलं नव्हतं. पण आली.

त्यातून दुसरीच पंचाईत झाली. तिचे पाय सुधारले. तिने असं काही ठरवलं नव्हतं, पायांनी परस्पर निर्णय घेतला. आता शेवटून दुसरं राहायला मेहनत लागत होती. ती बुटाची नाडी सोडायची, बांधायची. फुलं बघायची. फुलं नसली तर गवत बघायची.

"लोक डोंगरावर जाऊन दमतात," ताई म्हणाली. "तू दमल्याचं नाटक करून दमतेस. सरळ विचार ना त्याला."

"काय विचारू? तुम्ही माझ्या मागे का चालता? तो म्हणेल, मी शेपूट आहे."

"मग?"

"मग काय! खरंच आहे तो शेपूट!"

"अंडी अजून कपाटातच ठेवतेस, ते तरी थांबव," ताई म्हणाली.

आणि नाटक करून करून कितीसं लपणार? दंतवैद्य बाईची नजर दातांमधली बारीक फट हेरणारी. पुढच्या ट्रिपला तिने फर्मान काढलं, "अगं, तू आता मागे काय रेंगाळतेस? पुढे चल, माझ्याबरोबर." नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. ती दिवसभर सगळ्यांच्या पुढे चालली. मागे वळून पाहिलं, तर खालच्या वळणावर नारिंगी ठिपका, आणि ठिपक्यापुढे काका. ठिपका हातवारे करून काहीतरी सांगत होता. काका खदखदून हसत होते. डाव्या गुडघ्यासकट.

ती दुकानात परतली, तेव्हा तिने तीन गिऱ्हाइकांना भलतेच नंबर सांगितले आणि चौथ्याला तपासताना तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डोळा तपासायचा, तर एका वेळी एकच काच बदलायची. काय काढल्याने फरक पडतो, ते बघायचं. मग इथून शेपटाचं काम काढून घेतलं तर? कर्तव्य काढल्यावर जे उरेल, ते खरं. काहीच उरलं नाही... तर तेही खरं. पण मग तिला नुसत्या डोंगरासाठी डोंगर चढावे लागले असते, आणि तेवढं तिचं डोंगरांवर प्रेम नव्हतं.

तिने दंतवैद्य बाईला गाठलं. "पुढच्या ट्रिपला मी शेपूट होऊ?"

"तू?" बाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू तिला पहिल्यांदाच दात आलाय. "बरं. होऊन बघ."

ट्रिपच्या सकाळी धुकं होतं. पायथ्याशी बस थांबली, त्याने नारिंगी जाकीट काढून तिच्या हातात दिलं. तिने ते घातलं, बाह्या बोटांच्या पुढे लोंबल्या. आणि 'चला' म्हणायचा अवकाश, तो जो सुटला... एकदाही वळून न बघता, सगळ्यांना मागे टाकत, धुक्यात दिसेनासा झाला.

"गेला बघ," गुडघेकाका कौतुकाने म्हणाले. "बाणासारखा. पोराच्या पायात एवढा जोर असेल, असं वाटलं नव्हतं."

"मला काय त्याचं."

"तुझ्या आवाजाला काय झालं?"

"चढ आहे ना, काका."

"आपण अजून बसजवळ आहोत, पोरी."

तर हे उत्तर होतं. स्पष्ट, निरोगी नजरेसारखं सहा बाय सहा. तिनेच मागितलं होतं, त्यामुळे तक्रारही कुणाकडे करणार? काकांच्या पाठीमागे ती चालत राहिली. काकांशी बोलायला हवं होतं, शेपटाचं कामच ते. उलट काकाच मागे वळून तिला धीर देत होते. "सावकाश, पोरी. मी आहे ना पुढे."

निम्मी वाट चढून झाली असेल, तेव्हा वरून दगड गडगडले. मग बूट दिसले. मग गुडघे. मग धापा टाकत, घामाने निथळत, तो. वर चढणाऱ्यांच्या वाटेवर उलटा, खाली येणारा. दंतवैद्य बाईच्या राज्यात याहून मोठा गुन्हा नव्हता.

"काय रे, काही विसरलास?" काकांनी विचारलं.

"हो... म्हणजे, नाही."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "जरा रस्ता दे मला," ते म्हणाले. "आज डावा अगदी लाडात आहे. मी होतो पुढे." आणि त्याला खडकाला चिकटवून ते खरोखरच टुणटुणीत चालत निघून गेले.

वाट एका माणसाएवढी. तो वर, ती खाली. इतक्या महिन्यांत, त्या फाटकानंतर, पहिल्यांदाच ती दोघं अशी समोरासमोर होती, आणि दोघांनाही कुठे बघावं हे कळेना.

"कुणी पडलं का वर?" तिने विचारलं.

"नाही."

"मग परत का आलात?"

"तुम्ही डॉक्टरांकडे शेपूट मागून घेतलंत," तो म्हणाला. "त्याआधी एकदम पुढे निघून गेलात. मला वाटलं, मी मागे असणं तुम्हाला नकोसं झालंय. म्हणून ठरवलं, आज लांब राहायचं. जितकं जाता येईल तितकं. गेलो. वर पोहोचलो. त्याच्या पुढे डोंगरच संपला."

"मग?"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. अडकलेल्या माणसांशी तासन्‌तास बोलणारा हा माणूस मधल्याच मजल्यावर बंद पडला होता.

"तुम्ही जरा पुढे होता का?" तो शेवटी म्हणाला. "मला समोरासमोर जमत नाही. पाठ असली की नीट बोलता येतं."

"मला नाही जाता येणार. आज मी शेपूट आहे."

हे त्याला पटलं. नियम तो नियम. "मग मी वळतो," म्हणून तो डोंगराकडे तोंड करून उभा राहिला.

"काकांशी मी बोलतो, कारण ते थांबले की गुडघे आखडतात," तो खडकाला म्हणाला. "तुमच्याशी बोलतो, कारण... रविवार फार लवकर संपतो. सोमवारी कुणी लिफ्टमध्ये अडकलं, की मी त्यांना तुमच्याबद्दल सांगतो. भिंतीबद्दल वगैरे. परवा एक आजी बाहेर आल्या, तर निघेनात. म्हणाल्या, मग पुढे काय झालं?"

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, पुन्हा अडकलात की सांगतो."

ती हसली. तो बघत नव्हता म्हणून मनमोकळं हसली.

"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला. खडकाने काहीच उत्तर दिलं नाही. "म्हणजे तुमची पाठ तर आवडतेच. तसं नाही! म्हणजे... बाकीच्या तुम्हीसुद्धा. फार. पण तुमचा चेहरा मला कधी दिसतच नाही, त्यामुळे तुमच्या मनात काय आहे, ते..."

"वळा," ती म्हणाली.

"का?"

"उत्तर तोंडावर द्यायचं असतं."

तो वळला. धुकं त्याच्या पापण्यांवर बारीक थेंब होऊन बसलं होतं. दिवसभर माणसांचे डोळे बघणाऱ्या मुलीला हे डोळे काळे नसून मधासारखे आहेत, हे आत्ता कळत होतं. घाबरलेले, गोंधळलेले, आणि अगदी तिच्याकडेच बघणारे. तिने उत्तर जुळवून ठेवलं होतं, चांगलं दोन वाक्यांचं. त्यातला एकही शब्द जागेवर नव्हता.

"पुन्हा वळू का?" त्याने हळूच विचारलं.

"नको," ती म्हणाली आणि लोंबत्या बाहीतून हात बाहेर काढून तिने त्याचा हात धरला. "असाच थांब. उत्तर आठवतंय."