एकुलती नोंद

पाळणाघरांकडून दर तासाला एक्सएमएल फीड यायचं: कोण हजर, कोण किती जेवलं, कोण कधी झोपलं, कोण घरी गेलं. जुना पर्ल प्रोग्रॅम त्यातून संध्याकाळी आईबापांना मेसेज धाडायचा. तो आता तिच्या गळ्यात पडला होता. लेकीला, ठकीला, त्यातल्याच एका पाळणाघरात सोडून ती ऑफिसात येई आणि मिळतील तेवढे तास ओरबाडून काम करी.

प्रोग्रॅमला एक खोड होती. घरात दोन-तीन मुलं असली की त्यांची नीट यादी व्हायची, थोरलं आधी, धाकटं मागून. मूल एकच असलं की यादीच व्हायची नाही. ती नोंद सुटीच यायची आणि प्रोग्रॅम तिथं तोंडावर आपटायचा.

"एकुलतं लाडावलेलं असतं गं," शेजारच्या टेबलावरचे म्हातारबुवा म्हणाले. प्रोग्रॅम मूळचा त्यांचाच. "रांगेत उभं राहत नाही. एक असलं तरी यादीतच कोंब, म्हणजे झालं."

तिनं तशी ओळ घातली. मग खात्री करायला ती काढून प्रोग्रॅम पुन्हा चालवला. एकुलत्या मुलांची घरं एकतीस, म्हणजे एकतीस ठिकाणी आपटायला हवा होता.

आपटला तीस ठिकाणी.

सुटलेलं घर तिचंच होतं.

तिनं ते उघडलं. आत दोन नोंदी. एकीत ठकीचं नाव. जेवण: अर्धी वाटी. झोप: एक ते अडीच. दुसरीत नावाची जागा कोरी. हजर. जेवण: काही नाही. झोप: एक ते अडीच.

ठकीच्या आधी आठ मिनिटं एक आली होती. ती रडलीच नाही. नाव ठेवायची वेळही आली नाही. तेव्हापासून अडीच वर्षं प्रत्येक फॉर्मवर 'पहिलं अपत्य' म्हणून तिनं ठकीलाच लिहिलं होतं. तसं लिहिलं की पेन अडखळायचं नाही.

तिनं पाळणाघराच्या ताईंना फोन लावला.

"ताई, आमच्या घरात दोन मुलं दिसतायत फीडमध्ये."

"चुकून झालं असेल. तुमची एकच ना?"

"एकच."

"एक विचारू? ठकी घरीपण गादीच्या कडेला झोपते का हो? मी मधे सरकवते, ती परत कडेला. अर्धी गादी रिकामीच ठेवते. आणि..."

"आणि काय?"

"ती रिकामी बाजूही हाताला गरम लागते. ऊन येत असेल खिडकीतून."

खिडकी कुठल्या भिंतीत आहे, ते तिला ठाऊक होतं. त्या बाजूला ऊन येत नसे.

"साडेपाचला मेसेज जाणार," म्हातारबुवा तिच्या चेहऱ्याकडे बघत हळूच म्हणाले. "पोरी, तुझ्या घरापुरती पहिली नोंद ठेव, पुढची गाळ. उद्या बघू."

पहिली म्हणजे ठकी. मघाशी काढलेली ओळ तिनं परत घातली आणि अडीच वर्षांच्या सवयीनं ही नवीही लिहून टाकली. सेव्ह करण्याआधी त्या कोऱ्या जागेवर क्षणभर बोट ठेवलं. पडद्याची काच थंडच होती.

पाचला तिनं ठकीला कडेवर घेतलं. फाटकापाशी ठकी तिच्या खांद्यावरून मागे वळली आणि बंद दाराकडे बघून हातानं "ये, ये" करत राहिली.

"चल बाई, उशीर होतोय," ती म्हणाली. मागे पाहिलं नाही.

घरी ठकीचे बूट काढताना मेसेज वाजला.

नावाची जागा कोरी होती.

थोरलं आधी, धाकटं मागून. तिनं ठकीला गाळलं होतं.

हजर, लिहिलं होतं. जेवण: काही नाही. झोप: एक ते अडीच.

आणि खाली शेवटची ओळ:

न्यायला अजून कोणी आलेलं नाही.