तिकोनी तारे

दर्यापूरहून अकोल्याला निघालेल्या त्या काळीपिवळीत एकवीस माणसं होती आणि बाविसावी दुर्बीण. नऊ जणांच्या गाडीत एकवीस कशी, असं विचाराल; तर पाच टपावर होते, चार मागे लटकत होते आणि ड्रायव्हर अर्धा बाहेर होता. उरलेल्यांचा हिशेब तुम्हीच लावा.

वाकळीत गुंडाळलेल्या दुर्बिणीचं एक टोक कुलदीपच्या मांडीवर होतं, दुसरं शेजारच्या मुलीच्या. तो परवानगी मागणारच होता... पण ती वळली, तिच्या कानातलं उन्हात लखलखलं आणि तो वाक्यच विसरला.

समोर बसलेल्या मनकर्णाबाईंना ते गाठोडं म्हणजे मृदंग वाटला. कुलदीपने समजावलं, की आत आरसा आहे, त्यात ताऱ्यांचा उजेड गोळा होतो, कॅमेरा लावला की फोटो निघतात. मग दाखव म्हणाल्या. त्याने नाइलाजाने मोबाइल पुढे केला. शेजारचीनेही मान वाकवली.

"हे तारे हाय का समोसे?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

सगळी गाडी हसली. कुलदीपही हसला, पण ओठांपुरतं. शाळेची प्रयोगशाळा सांभाळत, तीन वर्षं खपून त्याने ती दुर्बीण जुळवली होती. आता तीन महिने प्रत्येक तारा तिकोनी येत होता. फोकस बदलून झाला, कॅमेरा बदलून झाला. आज तो ती अकोल्याच्या मित्राला, योगेशला, कायमची देऊन टाकायला निघाला होता. घरीही बोलला नव्हता. या अनोळखी मुलीला मात्र हळूच सांगून बसला.

मुलीचं नाव प्रणाली. अकोल्यात चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. तिने विचारलं, आरसा कशाने धरलाय? तीन क्लिपांनी, तो म्हणाला. आणि मग कबूल केलं, की अंधार शोधत शिवारात जाताना रस्त्यावर आरसा खडखडायचा, म्हणून दर खेपेला तो स्क्रू थोडे थोडे आवळत गेला होता.

"तीन क्लिपा, तीन कोपरे," प्रणाली म्हणाली. "चष्म्याची काच फ्रेममधी लय आवळली तरी असंच होते. ढिल्ल्या करून पाहा."

"ताई, हे चष्म्यावानी सोपं नसते..."

"ताई म्हणान, तं सोपं होनारच नाही."

कुलदीपचे कान लाल झाले. आणि इथे एका खिळ्याचे उपकार मानले पाहिजेत; तो नेमका तेव्हाच टायरमध्ये घुसला.

पुंजारामच्या पंक्चरच्या टपरीवर अर्धा तास लागणार होता. पण दिवसाढवळ्या तारा कुठून आणायचा? कुलदीप म्हणाला, लांबवर एखादी चकचकीत बारीक गोळी ठेवली, की तिच्यावरची उन्हाची चमक म्हणजेच तारा. प्रणालीने पुंजारामकडून जुन्या बेअरिंगची गोळी मागून घेतली आणि फुटलेल्या कपाशीतून वाट काढत थेट धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन मातीने एका दगडावर चिकटवली.

सूर्य पाठीशी घेऊन कुलदीपने डोळा लावला. चमक दिसली, तिकोनी. आणि तिच्या बाजूला प्रणाली... उलटी. या दुर्बिणीत सगळंच उलटं दिसतं. वेणी आभाळाकडे, पाय वर, आणि हसू मात्र सरळ. त्याने गोळीपेक्षा तिच्यावरच जास्त वेळ फोकस केला, हे मी सांगितलं म्हणून सांगू नका.

ती परतली. पर्समधून चष्म्याचा बारीक पेचकस निघाला. टायरांच्या ढिगावर आरसा बाहेर काढून दोघं वाकले. तिची बट त्याच्या मनगटाला लागत होती आणि तो श्वास जपून घेत होता. कागदाचा कपटा क्लिपेखालून अलगद सरकेल इतकंच तिने ढिलं केलं. त्याने आरसा परत बसवला, नीट रेषेत आणला, दुर्बीण पुन्हा गोळीवर रोखली आणि डोळा लावला.

चमक आता मोहरीचा दाणा. गोल गरगरीत.

त्याने डोळा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"तीन महिने मी दुर्बिणीलेच दोष देऊन राहिलो होतो," तो कसाबसा म्हणाला. "आज ती गेलीच होती माह्या हातून. तुमचे उपकार..." पुढचं डोळ्यांत आलं.

प्रणालीने पेचकस उगाचच पुसला. चाक बसलं, हॉर्न वाजला.

"मंग आता अकोल्याले काहून येता? दर्यापूरची गाडी इथंच भेटन."

"चष्मा... करायचा हाय."

"नंबर हाय काय?"

"डोळ्याले नाही." त्याने मोबाइल हातात घेतला. "तुमचा भेटला तं..."

आतून मनकर्णाबाई बोलल्या, "देऊन टाक वो पोरी. गाडी खोळंबली."

गाडी सुरू झाल्यावर प्रणालीने, खिडकीबाहेर पाहत, एकेक आकडा सांगितला. कुलदीपने मोबाइलमध्ये नऊ आकडे टिपले आणि थांबला.

"आन दहावा?"

"अकोल्याले उतरल्यावर."

कुलदीपने पुढे वाकून ड्रायव्हरला विनंती केली, "भाऊ, आरसा नाजूक हाय... गाडी जरा हळूच चालू द्या."