पहाऱ्यावर कोण आहे

'सांडणी' यानावर एका वेळी एकच माणूस जागं असायचं. हवा, पाणी आणि शिधा एका जाग्या माणसापुरताच भरलेला होता. त्यामुळे निद्रापेटीचं झाकण उघडल्यावर समोर दत्ताराम शेट्ये उभे दिसले, तेव्हा हेमांगी कारखानीसला अजिबात आनंद झाला नाही. शेट्येकाका जागे असताना आपल्यालाही उठवलंय म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं तिला ठणकत्या डोक्यानेही कळलं.

“किती झाले?” तिने विचारलं.

“तुम्हाला झोपून आठ महिने. माझ्या पाळीचे चार बाकी आहेत. पण दोन दिवस झाले, यंत्र मला आत घेईना. शेवटी तो तातडीने उठवायचा लाल दांडा ओढला. रागावू नका, हेमांगीबाई.”

नेपच्यूनच्या ट्रायटन या चंद्रावरच्या वसाहतीकडे यंत्रं घेऊन निघालेलं हे यान वीस वर्षं चालणार होतं. सहावं वर्ष सुरू होतं. मोठी माणसं दोनच: संगणक सांभाळणारी हेमांगी, आणि इंजिनापासून प्राणवायूच्या शेवाळटाक्यांपर्यंत बाकी सगळं सांभाळणारे शेट्ये. एक वर्ष तिने जागायचं, एक वर्ष त्यांनी. शीतनिद्रेत वय वाढत नाही, म्हणजे वीस वर्षांच्या प्रवासात दोघांचीही दहा-दहाच वर्षं खर्ची पडणार होती. तिसऱ्या पेटीत हेमांगीची मुलगी जुई होती, नऊ वर्षांची. तिला थेट पोहोचण्याच्या वेळीच उठवायचं होतं.

पाळी बदलताना दोघांची गाठ पडत नसे. एकजण यंत्राचा निरोप घेऊन पेटीत शिरला की नोंदीतून त्याचं नाव जाई. पहाऱ्यावर कोणीच नाही असं दिसलं की यंत्र दुसऱ्याची पेटी हळूहळू तापवायला घेई. त्याला तीन दिवस लागत. म्हणून झोपायला जाणाऱ्याने मटकी भिजवून, फडक्यात बांधून ठेवायची आणि उठणाऱ्याने मोड आलेल्या मटकीची उसळ करून खायची, असा रिवाज पहिल्याच वर्षी पडला. तीन दिवसांत मोड जरा जास्तच लांबत. हेमांगीने चिठ्ठीत तशी तक्रारही केली होती. “मग तुम्ही लवकर उठत जा,” असं उत्तर तिला पुढच्या पाळीला मिळालं होतं.

आता मात्र दोघं यंत्रासमोर उभे होते. पडद्यावर एक सुंदर तारामंडल थिजलं होतं आणि त्याखाली ‘सुस्वागतम्’ अशी अक्षरं होती. कळफलकावरून काहीही सांगितलं तरी त्याचं स्वागत संपत नव्हतं.

“हा द्वारपाल,” हेमांगी म्हणाली. “आत जाण्याआधी नाव आणि परवलीचा शब्द विचारणारा कार्यक्रम. यंत्र बिघडलेलं नाहीये. फक्त हा दारात आडवा पडलाय.”

“नाव विचारायला तारामंडल कशाला लागतं?”

“लागत नाही. पृथ्वीवर कोणाला तरी छान वाटलं म्हणून घातलं. अंतराळातल्या किरणांनी स्मृतीतला एखादा ठिपका उलटतो, तेवढ्यानेही कार्यक्रम अडखळतो. आणि जितका कार्यक्रम मोठा तितके ठिपके जास्त. घर मोठं तर गळती जास्त, तसंच.”

“मग छोटं घर बांधा.”

“तेच करतेय.” तिने तीन कळा एकदम दाबल्या. तारामंडल गेलं आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द उमटला, ‘नाव:’. शेट्ये चकित होऊन बघत राहिले.

“हे कुठे होतं इतके दिवस?”

“इथेच. द्वारपालाच्या मागे. हे अक्षरपटल. यान आपलं असलं तरी आतलं सगळं जुन्या लिनक्स या संगणकप्रणालीच्याच वंशातलं आहे. त्याला स्वागतकक्ष लागत नाही. नाव द्यायचं, परवली द्यायची आणि एक आज्ञा टंकायची.” तिने ‘स्टार्टएक्स’ असा शब्द टंकला. क्षणात चित्रपटल उजळलं, आणि शेवाळटाक्यांचे आलेख, झडपा सगळं जागच्या जागी दिसू लागलं.

शेट्ये आधी टाक्यांकडे धावले. दोन दिवसांत प्राणवायू दोन टक्क्यांनी उतरला होता. तो सावरल्यावरच त्यांनी चहा टाकला. सहा वर्षांच्या सहप्रवासातला दोघांनी मिळून घेतलेला हा पहिलाच चहा.

“एक अडचण आहे,” ते म्हणाले. “शीतनिद्रेतून उठलं की चार दिवस माझ्या डोक्यात भुसा असतो. मागच्या खेपेला परवली आठवायला तीन दिवस गेले. त्यात आता ही आज्ञा. मी बोटीवर वाढलेला माणूस. आमच्याकडे इंजिनाला कोणी पासवर्ड विचारत नाही, हँडल मारतात.”

हेमांगी हसली, पण विचारातही पडली. मुळात कुलूप कशासाठी असतं? चोरासाठी. सर्वांत जवळचा चोर इथून दोन अब्ज किलोमीटरवर होता. अनावश्यक ते काढून टाकावं हा तिचा धर्मच होता. त्यासाठी कचेरीत तिची थट्टा व्हायची, आणि त्या थट्टेचा तिला छुपा अभिमान होता. तिने दोन ओळी लिहिल्या. पहिली ओळ सांगत होती: कोणालाही काही न विचारता ‘पहारा’ या सामाईक नावाने आत घे. दुसरी सांगत होती: आत आल्याबरोबर चित्रपटल सुरू कर. एवढंच.

“आता बटण दाबलं की थेट टाक्या,” ती म्हणाली. “मध्ये कोणी नाही.”

“छान. माझी विचारपूस करणारं घरीही कोणी नाही, तर यंत्राने तरी का करावी?” शेट्ये हे हसत म्हणाले. त्यांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ट्रायटनवरही त्यांची वाट पाहणारं कोणी नव्हतं.

पेटीत परतण्याआधी हेमांगी जुईच्या पेटीपाशी थांबली. काचेआडचं तोंड जसंच्या तसं होतं, खालचा एक दात पडलेला.

“झोपवताना मी चौतीसची होते, काका. आता सदतिसची आहे. ती उठेल तेव्हा चव्वेचाळीसची असेन. तिच्या दृष्टीने मधे फक्त एक रात्र. काल रात्रीची आई आणि सकाळची आई यांत दहा वर्षांचा फरक. तिने मला ओळखलंच नाही तर?” तिने डोळे पुसले. “मला ट्रायटनची भीती नाही वाटत. ह्याची वाटते.”

शेट्येही काचेपाशी वाकले. मग म्हणाले, “माझ्याकडे तिचं देणं आहे. झोपवताना खेकड्याची गोष्ट सांगत होतो. नांगराच्या साखळीला धरून बोटीवर चढलेला खेकडा. अर्ध्यात पोरीला झोप लागली. ‘उरलेली उद्या’ म्हणालो होतो.”

“शेवट काय आहे?”

“अजून सुचलेला नाही. वेळ आहे भरपूर.”

*

पुन्हा झाकण उघडलं तेव्हा समोर कोणी नव्हतं. म्हणजे सगळं सुरळीत होतं. आपली पाळी आली, चार महिने झाले, असा हिशेब करत हेमांगी स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर फडकं बांधून ठेवलेलं होतं. सोडलं तर मटकीला छान, बेताचे मोड. “सुधारले म्हणायचे,” ती स्वतःशी पुटपुटली.

यंत्राचं बटण दाबताच पडदा उजळला. कोणी काही विचारलं नाही. आपल्या कामावर खूश होत तिने कोपऱ्यातली नोंद वाचली.

‘पहाऱ्यावर: पहारा. सलग हजेरी: चौदा वर्षे, चार महिने.’

तिने तारीख पाहिली. ट्रायटन पाच दिवसांवर होता. आणि काय झालं ते तिला एका दमात कळलं. यंत्राला डोळे नाहीत. कोण जागं आहे हे त्याला फक्त त्या एका प्रश्नाच्या उत्तरावरून कळायचं. प्रश्न तिने काढून टाकला. आता निरोप घेतला तरी यंत्र न विचारता लगेच ‘पहारा’ला आत घेणार, म्हणजे नोंदीत माणूस कायमचा हजर. पहाऱ्यावर माणूस आहे म्हटल्यावर ते दुसऱ्याला उठवील कशाला? तारखेवर बांधलेला शेवटचा गजर तेवढा उरला होता. पोहोचण्याआधी पाच दिवस मोठ्यांना उठवायचं आणि त्यानंतर तासाभराने जुईला, पहाऱ्यावर कोणी असो वा नसो. कुलूप म्हणून जे तिने उखडलं होतं, तेच यानाचं हजेरीपुस्तक होतं.

चौदा वर्षं हे यान बिनमाणसांचं चाललं! टाक्या सडल्या असणार, प्राणवायू... तिने आलेख उघडले. टाक्या स्वच्छ होत्या. गाळण्या गेल्याच महिन्यात बदललेल्या होत्या. आणि मग तिला मटकी आठवली. बेताचे मोड, म्हणजे फार तर दोन दिवसांपूर्वी भिजवलेली.

ती शेट्यांच्या पेटीकडे धावली. पेटी रिकामी होती, आतली चादर घडी घालून ठेवलेली.

“उठलात?” मागून आवाज आला. “डोकं ठणकत असेल. बसा.”

दारात एक म्हातारा उभा होता. केस पांढरेशुभ्र, पाठ वाकलेली, एक हात भिंतीला. आवाज तेवढा ओळखीचा होता.

“काका,” ती म्हणाली.

“अहो, मी निरोप घेतला होता. मटकीसुद्धा भिजवली होती. पडदा काळा झाला आणि पापणी लवते न लवते तोच पुन्हा उजळला. तीनदा केलं, तीनदा तेच.”

“मग मला उठवायचं! लाल दांडा होता ना!”

“होता.”

“पृथ्वीला विचारायचं!”

“विचारलं की. काही तासांनी उत्तरही आलं. एक ओळ पुसायची होती. माझ्यासारख्यालाही जमलं असतं.”

“मग?”

“पुसणार होतो. उद्या पुसू, उद्या पुसू म्हणता म्हणता...” ते हसले, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. “उत्तराची वाट बघताना हिशेब केला, हेमांगीबाई. जागं माणूस एकच हवं. शिधा एकालाच. यंत्राच्या मते पहाऱ्यावर माणूस आहे. मी बसलो तर ते खरंच होतं, कोणाचं काही बिघडत नाही. तुमची सात वर्षं वाचतात. लक्ष्मण चौदा वर्षं झोपला नाही म्हणतात. त्याला निदान धनुष्यबाण होते. मला शेवाळ.”

हेमांगीला राग आला. “माझी सात वाचली आणि तुमची? पंचावन्नाचे होतात तुम्ही! मला एका शब्दाने विचारायचं होतंत!”

“यंत्राचं विचारणं तुम्ही काढलंत,” शेट्ये शांतपणे म्हणाले. “मग मीही नाही विचारलं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.”

ते खरं होतं. ती खाली बसून रडली. सात वर्षं परत करायची कोणतीही आज्ञा तिला ठाऊक नव्हती. शेट्ये अवघडून उभे राहिले आणि मग उसळीची फोडणी करायला गेले.

उसळ होईपर्यंत तिने ती ओळ पुसली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. काळा पडदा. ‘नाव:’. तिने शेट्यांना हाक मारली आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, ‘दत्ताराम’ असं टंकलं. परवली त्यांना आठवली. चौदा वर्षांनी आठवली याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

तेवढ्यात तिसऱ्या पेटीचं झाकण सरकलं.

जुईने डोळे चोळले. समोर आई होती. कालच्यासारखीच, केस तसेच मागे बांधलेले. “आई, भूक लागली,” एवढं म्हणून तिने हात पुढे केले. हेमांगीने तिला उचलून घट्ट धरलं. तिने ओळखलंच नाही तर, ही भीती त्या एका वाक्याने गेली.

मग जुईची नजर आईच्या खांद्यावरून मागे गेली. तिने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि आईच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“आई, हे आजोबा कोण आहेत? आणि शेट्येकाका कुठे गेले? ते आज उरलेली गोष्ट सांगणार होते.”

म्हाताऱ्याने पळी खाली ठेवली, हात पुसले, आणि पेटीच्या कडेला सावकाश टेकून तो म्हणाला,

“तर साखळी धरून खेकडा वर आला, आणि बघतो तर काय, बोटीवर सगळे झोपलेले!”