मागच्या दाराचा दोरा

ज्याला खोटं म्हणायचं त्यानं खुशाल म्हणावं. इस्माईल मिस्त्री शेवटपर्यंत ही हकीकत सांगत होता, आणि सांगताना त्यानं एक शब्द कधी इकडचा तिकडे केला नाही.

साल सत्तावन्न. मार्गशीर्षातली चतुर्थी. जुन्नरहून ओझरला जाणारा रस्ता.

आणि रात्र नव्हती. दिवस मावळायला अवकाश होता.

मोटारीत रेडिओ बसवून देणारा जुन्नरात इस्माईल एकटाच. गाडीला मेण घासून तो अशी चकाकी आणायचा की माणसानं तिच्यात बघून भांग पाडावा.

महाळुंगे पडवळचे कुंडलिकराव पाटील पुण्याहून जुनी काळी मोटार घेऊन त्याच्या दारात आले. सोबत बायको बयाबाई आणि तीन वर्षांची नात भागू.

"मिस्त्री, असा रेडिओ बसव की आमी वेशीत शिरलो तर तमाशाचा फड आला असं वाटलं पायजे. मागंबी एक भोंगा लाव."

"मागं कशाला, राव? मागं वहिनी बसणार."

"तिला माझं बोलणं ऐकू येत न्हाई. भोंगा तरी येईल."

"ऐकू समदं येतं," बयाबाई म्हणाली. "ऐकण्यासारखं काय नसतंय."

हसता हसता तिची नजर मागच्या डाव्या दारावर गेली. आतल्या मुठीला काळा दोरा गुंडाळला होता. अनेक पदरी, तेलकट, गच्च. त्याचं दुसरं टोक बैठकीच्या पायाला बांधलेलं.

"दुसऱ्याच्या घरचा दृष्टीचा दोरा आपल्या गाडीला नको. कापून चुलीत टाका, भाऊ. ओझरला देवापुढं मी नवा बांधते."

रीत तशीच होती. इस्माईलनं दोरा कापला, जाळला आणि मूठ घासून लख्ख केली. दार दोनदा लावून पाहिलं. नीट लागत होतं.

मग रेडिओ बसवायला चालकासमोरची फळी उघडायला बसला, आणि हात थांबला.

फळीमागं रेडिओची जागा आधीच केलेली होती. वायरीची टोकंसुद्धा तशीच. कुणीतरी चांगला रेडिओ उपसून काढला होता आणि वर लाकूड ठोकून टाकलं होतं.

का काढला असेल?

संध्याकाळी त्यानं काचा मऊ कातड्यानं पुसल्या. सकाळी बघतो तर मागच्या डाव्या काचेवर बोटं उमटलेली. बारकी. खाली, अगदी कडेला.

गल्लीतल्या पोरांचं काम, तो पुटपुटला. बाहेरून पुसलं.

बोटं गेली नाहीत.

ती आतून होती…

त्या दिवशी त्यानं गाडीच्या शेडला कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. दुसऱ्या सकाळी बोटं पुन्हा तिथंच.

आता त्याला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. शेजाऱ्याचा, शेडच्या मालकाचा, शेडची जुनी किल्ली ज्याच्याकडं असेल त्याचा.

त्या काळचा रेडिओ लगेच बोलत नसे. बटण फिरवलं की आतल्या काचेच्या नळ्या तापायच्या, मग सावकाश आवाज यायचा. इस्माईलनं रेडिओ बसवला, बटण फिरवलं. नळ्या अजून थंड होत्या.

आणि मागच्या भोंग्यातून एक बाई ओरडली…

"धर!"

एवढंच. मग शांत. थोड्या वेळानं नळ्या तापल्या आणि बाजारभाव सुरू झाले. जणू काही झालंच नव्हतं.

कुंडलिकराव गाडी न्यायला आले तेव्हा त्यांनीच बटण फिरवलं.

"धर!"

"हे काय हाय?" त्यांचा चेहरा उतरला. मग डोळे बारीक झाले. "मिस्त्री, कुणाच्या मोडक्या गाडीतला रेडिओ मला चिकटवला?"

"नवा हाय, पाटील. खोका दाखवतो."

"खोका नवा असंल! मी चौकात सांगीन, इस्माईल जुना माल खपवतो म्हणून."

इस्माईलचं सगळं पोट त्याच्या नावावर चालत होतं. त्यानं मुकाट्यानं रेडिओ काढला, मागचा भोंगाही काढला, दोन्ही दुकानाच्या फळीवर ठेवले. काचेवरच्या बोटांचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण आता बोललो तर चोराची बतावणी वाटेल, म्हणून तो गप्प बसला.

"तू बी चल ओझरला," कुंडलिकराव म्हणाले. "वाटंत पुन्हा काय वाजलं तर तुझ्यासमोर वाजू दे."

इस्माईल पुढं बसला. मागं बयाबाई, तिच्या डाव्या अंगाला भागू. समोर रेडिओची रिकामी चौकट.

गाव मागं पडलं. दुतर्फा ऊस. भागू बडबडत होती. मग तिची बडबड थांबली…

"कुणाशी बोलत व्हतीस गं?" बयाबाईनं विचारलं.

भागूनं काचेकडं बोट केलं.

इस्माईलला ती बारकी बोटं आठवली. तो मागं वळणार, तेवढ्यात ओढ्यावरच्या मोरीचं वळण आलं.

आणि त्या रिकाम्या चौकटीतून…

"धर!"

बयाबाईनं काही न समजता नातीला कवटाळलं. त्याच क्षणी मागचं दार सताड उघडलं. भागूचा एक पाय बाहेर लोंबकळला. बयाबाईनं तिला ओढलं, पण पाय आत येईना. कुंडलिकरावांनी ब्रेक दाबला, गाडी कशीबशी मोरीच्या कठड्याशी थांबली.

तेव्हा कुठं पाय सुटला.

कुंडलिकराव खाली उतरले आणि त्यांनी इस्माईलची गचांडी धरली. "दुसरा रेडिओ कुठं लपवलास? बोल!"

इस्माईलनं चौकटीत हात घातला. आत तुटक्या वायरींशिवाय काही नव्हतं. फक्त ती जागा गरम होती. नळ्या तापल्यावर असते तशी.

"तो दोरा दृष्टीचा नव्हता, पाटील," तो म्हणाला. "कुणीतरी ते दार बांधून ठेवलं व्हतं."

कुंडलिकरावांचा हात सैल पडला.

बयाबाईनं लुगड्याचा काठ फाडला आणि दाराची मूठ आवळून बांधली. मग भागूचा पाय मांडीवर घेऊन चोळायला लागली. चोळता चोळता थांबली.

घोट्यावर चार लाल वळ होते. बारक्या बोटांचे.

"इस्माईलभाऊ," ती हळूच म्हणाली, "ती बाई 'धर' मला म्हणाली, का त्या दुसऱ्या पोराला…?"

 इस्माईलनं दाराच्या मुठीची गाठ पुन्हा आवळली.

त्यानंतर त्यानं पुष्कळ गाड्या चमकवल्या. पण कुठल्याही गाडीत दोरा दिसला, की त्याला हात न लावता तो आधी मालकाला विचारायचा, हा कुणी बांधला?

मालकाला माहीत नसलं, तर ती गाडी तो तशीच परत पाठवायचा. न धुता.