थर्माकोलची खोली

२०५१ सालच्या मार्चमध्ये चंद्रपुरातल्या कनकच्या घरामागे ट्रक थांबला आणि त्यातून भिंती उतरल्या. विटा नाहीत, वाळू नाही. अख्ख्या भिंतीच, खिडकीसाठी आधीच कापलेल्या. ठोंब्या नावाच्या यंत्रमानवाने (माणसासारखी कामं करणाऱ्या यंत्राने) त्यातली एक उचलली, तेव्हा कनकला तिची कड दिसली. बाहेरून बांबूचा चुरा दाबून केलेल्या दोन पातळ फळ्या आणि मध्ये वीतभर जाड थर्माकोल.

तिच्या आजोबांनी, आबांनीही तो पाहिला. "टीव्ही यात गुंडाळून येतो," ते म्हणाले. "आणि मी यात निजायचं?"

खोली आबांसाठीच होती. गेल्या उन्हाळ्यात त्यांना उष्माघात झाला होता. यंदा उन्हाळा थंड खोलीत काढा, नाहीतर गाव सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. थर्माकोलच्या भिंतींवर विश्वास नसल्याने आबांनी चिखलदऱ्याला बहिणीकडे जायचं ठरवलं. कनकला ते मुळीच नको होतं. शाळेतून आल्यावर बुद्धिबळ कोणाशी खेळायचं?

खोलीचा आराखडा सुलक्षणाआत्याचा. ती पदार्थशास्त्रज्ञ होती आणि आबांची मुलगीही. "माझं ते ऐकणार नाहीत," ती कनकला म्हणाली. "तू करून दाखव." तिने थर्माकोलची एक लांब पट्टी आणि फळीच्या दोन पातळ पट्ट्या दिल्या.

कनकने दोन विटांवर थर्माकोलची पट्टी आडवी ठेवून वर पाण्याची बादली ठेवली. पट्टी कटकन मोडली. आबा खुर्चीतून हसले. कनकने दुसरी पट्टी मागून घेतली आणि ती दोन फळ्यांच्या मध्ये ठेवली. बादली ठेवताच तिन्ही पट्ट्या मिळून खाली झुकल्या.

"पाहिलं?" आबा म्हणाले आणि आत जाऊन कपडे भरायला लागले.

कनकला रडूच येणार होतं. तेवढ्यात तिचं लक्ष टोकाकडे गेलं. आधी एका रेषेत असलेल्या कडा आता मागेपुढे झाल्या होत्या.

"आत्या, या एकमेकींवरून घसरतायत."

"मग घसरू देऊ नकोस," आत्या म्हणाली आणि तिने गोंदाची बाटली पुढे केली.

दुसऱ्या दिवशी गोंद वाळला. कनकने बादली ठेवली. पट्टी हलली नाही. मग बादली काढून ती स्वतःच वर उभी राहिली. आबा बॅग तशीच टाकून बाहेर आले. त्यांनी वाकून खालून पाहिलं. "मोडत काहून नाही हे?"

आत्या सांगू लागली. "वजन आलं की वरची फळी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. फळ्या ते सहज सोसतात. थर्माकोलचं काम एवढंच, की दोघींना एकमेकींपासून दूर ठेवायचं आणि घसरू द्यायचं नाही. चिकटवल्यावर तिघांचं मिळून एकच जाड अंग होतं. भिंतीतही तसंच. एकटी पातळ फळी उभी केली तर वाकेल. थर्माकोल तिला सरळ धरून ठेवतो."

"आणि ऊन?" कनकने विचारलं.

"थर्माकोलमध्ये हवेचे लाखो बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. कोंडलेल्या हवेतून उष्णता फार हळू सरकते. म्हणून तो उष्णतारोधक (उष्णता अडवणारा) असतो. विटेची भिंत दिवसभर तापते आणि रात्रभर ती उष्णता आत सोडते. मात्र दोन भिंतींच्या सांध्यात फट राहिली तर सगळं फुकट. म्हणून सांधे पक्के बुजवायचे आणि ताज्या हवेसाठी वेगळा पंखा लावायचा."

ठोंब्याने भिंती उभ्या केल्या आणि वर तसंच छप्पर चढवलं. मग तो उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन सगळीकडे फिरला. खिडकीपाशी कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक लाल रेघ उमटली. तिथली फट कनकने स्वतः बुजवली.

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला. नव्या खोलीत लहानसा एसी मंद चालू होता आणि आबा अंगावर चादर ओढून बसले होते. त्यांनी बहिणीला फोन लावला. "यंदा मी येत नाही. तिकडं गरम होत असेल तर तूच ये."

संध्याकाळी त्यांचे मित्र दादाराव आले. आबांनी भिंतीवर हात ठेवून त्यांना सगळं समजावलं. सांध्यांचं विसरले, ते कनकने सांगितलं. दादारावांनी भिंत हाताने चाचपून पाहिली. मग म्हणाले, "आमच्या घरावर पत्रा आहे. घरात दोन महिन्यांचं बाळ आहे. तिथं होईल अशी एक खोली?"

"जागा पाहावी लागेल," आत्या म्हणाली.

ऊन उतरलं होतं. कनक मोजायची टेप आणायला आत पळाली. बाहेर येऊन पाहते तर आबा चपला घालून दादारावांसोबत फाटकाशी उभे होते.